संशोधन : मराठीतले आणि हिंदीतले
सायमन लेव्हे यांच्या पुस्तकांच्या निमित्ताने

(अकादमीच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखरूप)



मराठीतल्या विज्ञानलेखनावर बोलावे, असे मला सांगण्यात आले. विषय इतका रुंद आहे की त्यावर सर्वसाधारण बोललो, तर तुम्ही माना डोलवाल, मी आभार मानीन आणि आपण सगळे चहाला जाऊ. म्हणून मी एकच लेखक निवडला आहे. सायमन लेव्हे. जन्म १९४३, ऑक्सफर्ड; केंब्रिजमध्ये शिक्षण, जर्मनीत गटिंगनला डॉक्टरेट आणि पुढचे सारे आयुष्य अमेरिकेत. व्यवसायाने मेंदूशास्त्रज्ञ. सामान्य वाचकांसाठी त्यांनी जी पुस्तके लिहिली, त्यांतली महत्त्वाची तीन गोष्टींभोवती फिरतात : माणसाची लैंगिकता, माणसाचा मेंदू आणि खुद्द वैज्ञानिक संशोधन. आज त्यांतल्या चार पुस्तकांविषयी बोलतो आणि त्यांच्या आधाराने आपल्या भाषेविषयी थोडे.

हाच लेखक का, असे कोणी विचारील. या माणसाने एक निरीक्षण प्रसिद्ध केले, त्याचा जगभर गाजावाजा झाला आणि त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे तो पुस्तकांमधून सांगत राहिला, की त्या निरीक्षणातून काय कळते आणि काय कळत नाही. विज्ञान भाषेत कसे उतरवावे, याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

मूळ मुद्द्याकडे जाण्याआधी एका शब्दाकडे बघू. आपण इंदूर-ग्वाल्हेर-भोपाळकडची माणसे सकाळी हिंदी वर्तमानपत्र वाचतो आणि घरात मराठी बोलतो. हिंदी पत्रात 'संशोधन' हा शब्द आला, की त्याचा अर्थ दुरुस्ती. 'संविधान संशोधन' म्हणजे आपली घटनादुरुस्ती. मराठीत तोच शब्द आला, की प्रयोगशाळा, प्रबंध, पीएच.डी. डोळ्यांपुढे येते. पुण्याहून आलेला पाहुणा येथे पहिल्यांदा हिंदी बातमी वाचतो, तेव्हा हमखास अडखळतो. संस्कृतात मात्र या शब्दाचा अर्थ शुद्ध करणे, चुका काढून टाकणे असाच आहे. तो अर्थ हिंदीने राखला आणि मराठीने शब्द वेगळ्या कामाला लावला. माझे आजचे म्हणणे एवढेच, की विज्ञानात हे दोन्ही अर्थ एकच आहेत. जे संशोधन स्वतःत दुरुस्ती होऊ देत नाही, ते मराठी अर्थानेही संशोधन नव्हे. लेव्हे यांची पुस्तके हे फार स्पष्टपणे दाखवतात.

आता १९९१ कडे जाऊ. लेव्हे तेव्हा कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहान भाग असतो. आपल्याकडे त्यासाठी 'अधश्चेतक' असा घडवलेला शब्द आहे. मी रूढ झालेलाच वापरतो. भूक, तहान, शरीराचे तापमान, संप्रेरके आणि कामवासना यांच्याशी या भागाचा संबंध आहे. त्याच्या पुढच्या बाजूला पेशींचे चार छोटे पुंजके आहेत. त्यांतले काही पुंजके पुरुषांत मोठे आणि स्त्रियांत लहान असतात, असे लॉरा ॲलन आणि रॉजर गोर्स्की यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवले होते. लेव्हे यांनी पुढचा प्रश्न विचारला. हा फरक पुरुष आणि स्त्री यांच्यातला आहे, की पुरुषाकडे ओढ असणारे आणि स्त्रीकडे ओढ असणारे यांच्यातला?

त्यांनी मृत्यूनंतर मिळालेले ४१ मेंदू तपासले. १९ समलिंगी पुरुषांचे, १६ पुरुष विषमलिंगी असल्याचे गृहीत धरलेले, आणि ६ स्त्रियांचे. कोणता मेंदू कोणाचा, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून काचपट्ट्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक होते. चार पुंजक्यांपैकी तिसऱ्यात फरक दिसला. विषमलिंगी धरलेल्या पुरुषांत त्याचे सरासरी आकारमान सुमारे ०.१२ घन मिलिमीटर, समलिंगी पुरुषांत सुमारे ०.०५, आणि स्त्रियांतही जवळपास तेवढेच. ऑगस्ट १९९१ च्या अखेरीस 'सायन्स' या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला आणि एका घन मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढ्या त्या पुंजक्याने वर्तमानपत्रांची पहिली पाने व्यापली.

'विषमलिंगी असल्याचे गृहीत धरलेले' हे शब्द मी मुद्दाम म्हटले. त्या सोळांपैकी चौदा जणांच्या वैद्यकीय नोंदींत त्यांच्या लैंगिकतेविषयी काहीच लिहिलेले नव्हते. रुग्णालय ते कशाला विचारील? समलिंगी पुरुषांच्या नोंदी मात्र होत्या, कारण ते सगळे एड्सने गेले होते आणि त्या काळात एड्सच्या रुग्णाला हा प्रश्न विचारला जाई. म्हणजे हा अभ्यास होऊ शकला, तोच एका साथीमुळे. स्वतः लेव्हे समलिंगी आहेत, आणि त्यांचे जोडीदार १९९० मध्ये एड्सनेच गेले. या अभ्यासामागे किती दुःख आहे, हे एवढ्यावरून कळावे.

आता प्रश्न असा, की या अभ्यासातून काय सिद्ध झाले? आपल्या भाषेत सांगायचे तर बातमी अशी होते : 'समलिंगी व्यक्तींचा मेंदू वेगळा असतो, शास्त्रज्ञांनी केले सिद्ध.' किंवा 'समलैंगिकता जन्मतःच.' लेव्हे यांच्या निबंधात यातले एकही विधान नव्हते. उलट मर्यादा त्यांनी स्वतःच मांडल्या होत्या. नमुना लहान. समलिंगी पुरुष सगळेच एड्सचे रुग्ण, तेव्हा फरक आजाराचा नाही कशावरून? म्हणून विषमलिंगी धरलेल्या सोळांतल्या ज्या सहा जणांना एड्स होता, त्यांच्याशी त्यांनी वेगळी तुलना केली. फरक तरीही दिसला, पण सहा म्हणजे सहाच. शिवाय अपवाद होते. काही समलिंगी पुरुषांचा पुंजका मोठा होता, काही इतरांचा लहान. पुंजका मोजून कोणाची ओढ कोणाकडे हे सांगता येणार नाही. समलिंगी स्त्रियांचे मेंदू तर अभ्यासात नव्हतेच.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा कारण आणि परिणाम यांची. पुंजका लहान म्हणून ओढ तशी, की तशा आयुष्यामुळे पुंजका लहान, की दोन्हींच्या मागे तिसरेच काही? मेल्यानंतर मोजलेल्या मेंदूवरून हे कळत नाही. येथे लेव्हे यांची आधीची कारकीर्द आठवावी. साल्कमध्ये येण्यापूर्वी ते हार्वर्डला डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांच्यासोबत काम करत होते. दृष्टी आणि मेंदू यांच्या अभ्यासासाठी त्या दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले. त्यांचे गाजलेले प्रयोग तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असतील. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा लहानपणी काही काळ बंद ठेवला, तर मेंदूतली त्या डोळ्याची जागा आक्रसते आणि उघड्या डोळ्याची पसरते. अनुभवाने मेंदूची रचना बदलते, याचा हा नामांकित पुरावा. ज्याने त्या प्रयोगशाळेत वर्षे काढली, तो 'मेंदूत फरक दिसला म्हणजे तो जन्मजातच' असे कसे म्हणेल? लेव्हे यांनी तसे म्हटले नाही. बातम्यांनी म्हटले.

दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यांचे 'द सेक्शुअल ब्रेन' आले. छोटेखानी पुस्तक. ज्या शोधाने लेखकाला प्रसिद्धी मिळाली, त्यापासून पुस्तक सुरू व्हावे अशी वाचकाची अपेक्षा असते. लेव्हे सुरुवात करतात लैंगिक प्रजनन उत्क्रांतीत मुळात का आले, या प्रश्नापासून. मग गर्भाची वाढ, संप्रेरके, उंदरांचे वर्तन, स्त्री-पुरुषांतले फरक, आणि या सगळ्यानंतर लैंगिक कल. आपला पुंजका त्यांनी मोठ्या चित्रात त्याच्या मापाएवढ्याच जागेत बसवला. आपल्याकडे विज्ञानलेखकाला ही शिस्त क्वचित जमते.

१९९६ चे 'क्विअर सायन्स' मला त्यांचे सर्वांत वजनदार पुस्तक वाटते. समलैंगिकतेवरचे संशोधन गेल्या शतकात कोणी केले, का केले आणि त्याचा वापर कशासाठी झाला, याचा तो इतिहास आहे. सुरुवात बर्लिनच्या माग्नुस हिर्शफेल्डपासून होते. समलैंगिकता ही निसर्गातली एक विविधता आहे, तिला गुन्हा ठरवणे अन्याय आहे, असे तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मांडत होता. १९१९ मध्ये त्याने लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली. जगप्रवासात १९३१ मध्ये तो भारतातही येऊन गेला. मे १९३३ मध्ये नाझी तरुणांनी ती संस्था लुटली आणि तिचे ग्रंथालय चौकात जाळले.

विज्ञानाची सत्तेशी गाठ पडली की काय होते, एवढाच या गोष्टीचा अर्थ असता तर सोपे होते. पण दुसरी बाजूही आहे. 'हे शरीरातच आहे' हे हिर्शफेल्डचे म्हणणे काही डॉक्टरांनी उलटे वाचले. शरीरातच असेल, तर शरीर दुरुस्त करू! व्हिएन्नाच्या आयगेन श्टायनाखच्या प्रेरणेने समलिंगी पुरुषांत दुसऱ्यांच्या वृषणाचे रोपण झाले. पुढे संप्रेरकांची इंजेक्शने आली, विजेचे धक्के आले. १९६० नंतर पश्चिम जर्मनीत तर काही शल्यचिकित्सकांनी हायपोथॅलॅमसचाच छोटा भाग नष्ट करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. तोच हायपोथॅलॅमस. एकच ज्ञान एकाच्या हातात मुक्तीचे साधन होते आणि दुसऱ्याच्या हातात सुरी होते. आपल्याच शोधाचे पुढे काय होऊ शकते, हे माहीत असलेल्या माणसाने लिहिलेला हा इतिहास आहे आणि ते पानोपानी जाणवते.

२००८ चे 'व्हेन सायन्स गोज राँग' लैंगिकतेवर नाही. विज्ञानाच्या निरनिराळ्या शाखांमधल्या चुकांच्या बारा कथा त्यात आहेत. लॉस एंजेलिसजवळचे सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री फुटले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी, फुटण्याच्या सुमारे बारा तास आधी, मुख्य अभियंत्याने गळती स्वतः पाहून धरण सुरक्षित असल्याचे सांगितले होते. १९९९ मध्ये मंगळाकडे निघालेले यान हरवले, कारण एका गटाने बल पौंडांत मोजले आणि दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहे असे धरले. एका मादक द्रव्याने माकडांच्या मेंदूला गंभीर इजा होते, असा निबंध २००२ मध्ये गाजला आणि पुढच्या वर्षी मागे घ्यावा लागला. बाटल्यांवरची लेबले बदलली होती आणि माकडांना भलतेच औषध दिले गेले होते.

या कथा रंजक आहेत. वर्गात सांगितल्या, तर मागच्या बाकावरचा मुलगाही मान वर करतो. पण त्यांना धरून एक सूत्र आहे. निबंध मागे घेतला गेला, कारण पुढचे प्रयोग जुळेनात आणि खुद्द त्याच गटाने बाटल्या तपासल्या. यानाच्या चौकशीचा अहवाल सर्वांसमोर ठेवला गेला. विज्ञानाची विश्वासार्हता कधीही न चुकण्यात नाही. चूक सापडण्याची वाट उघडी ठेवण्यात आहे. येथे आपला हिंदी 'संशोधन' कामाला येतो.

हीच कसोटी लेव्हे यांच्या शोधालाही लागली. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम बाइन यांनी नव्या मेंदूंवर मोजणी पुन्हा केली. स्त्री-पुरुषांमधला फरक स्पष्ट सापडला. समलिंगी पुरुषांत पुंजका लहान असण्याकडे झुकाव दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो पुरता उतरला नाही, आणि पुंजक्यातल्या चेतापेशींच्या संख्येत तर फरक आढळलाच नाही. म्हणजे लेव्हे चुकले? की अर्धे बरोबर? खरे उत्तर असे, की त्यांचे विधान आता आधीपेक्षा लहान आणि अधिक नेमके झाले. दरम्यान ओरेगॉनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये मेंढ्यांवर काम प्रसिद्ध केले. काही एडके सातत्याने इतर एडक्यांशीच जोडी जमवतात, आणि त्यांच्या हायपोथॅलॅमसमधला तशाच प्रकारचा एक पुंजका इतर एडक्यांपेक्षा लहान सापडला. एका बाजूने आधार कमी झाला, दुसऱ्या बाजूने थोडा वाढला. असेच चालते.

२०१० मध्ये आलेल्या 'गे, स्ट्रेट, अँड द रीझन व्हाय' या पुस्तकात लेव्हे यांनी तोवरचा सगळा पुरावा एकत्र मांडला. गर्भावस्थेतली संप्रेरके, जनुके, मेंदू, शरीराची मापे, थोरल्या भावांची संख्या. त्यांचा स्वतःचा कौल जैविक कारणांकडे आहे आणि तो ते लपवत नाहीत. पण प्रत्येक पुराव्याचे वजन वेगळे तोलतात.

या पुराव्यांतली दोन उदाहरणे देतो, कारण त्यांत विज्ञानलेखकासाठी धडा आहे. पहिले जुळ्यांचे. १९९१ मधल्या एका अभ्यासात समलिंगी पुरुषांचे एकबीज जुळे भाऊ ५२ टक्के, द्विबीज २२ टक्के आणि दत्तक भाऊ ११ टक्के समलिंगी आढळले. आकडे डोळ्यांत भरतात. पण लोक जमवले होते ते समलिंगी वाचकांच्या नियतकालिकांतून जाहिराती देऊन. ज्याचा जुळा भाऊही तसाच आहे, तो अशा जाहिरातीला उत्साहाने उत्तर देणार. २००० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदवहीतून लोक निवडले, तेव्हा एकबीज पुरुषांचा आकडा सुमारे २० टक्क्यांवर आला. आनुवंशिकतेचा वाटा पुसला गेला नाही, पण बराच आवरला गेला. १९९३ मध्ये एक्स गुणसूत्रावरचा एक भाग सापडला, तेव्हा 'समलैंगिकतेचे जनुक मिळाले' अशा बातम्या आल्या. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांचा जनुकीय अभ्यास झाला आणि असे एकच जनुक नाही, हे स्पष्ट झाले. अनेक जनुकांचे लहान लहान वाटे आहेत आणि त्यांवरून एका व्यक्तीविषयी काहीही सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण थोरल्या भावांचे. एकाच आईचा प्रत्येक थोरला भाऊ धाकट्या मुलाच्या समलिंगी असण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने वाढवतो, असे १९९० च्या दशकापासून अनेक अभ्यासांत आढळले आहे. 'एक तृतीयांशाने वाढ' हे शब्द ऐकून तीन मुलांची आई घाबरेल. म्हणून लेखकाने पुढचे वाक्य लिहायलाच हवे. मूळ शक्यता शंभरात तीन धरली, तर एका थोरल्या भावामुळे ती चारच्या आसपास जाते. बाकीचे शहाण्णव तसेच राहतात. पहिले वाक्य खरे आहे, पण दुसऱ्यावाचून ते दिशाभूल करते.

आता आपल्या भाषेकडे येऊ. मराठीला हा विषय नवा आहे असे कोणी समजू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९५३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालले. वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्यात छापील उत्तरे मिळत. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नोत्तरांत समलैंगिकतेचा विषयही होता. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते अश्लील कसे ठरते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण अमेरिकेत त्या पुंजक्याची बातमी छापली गेली, त्याच्या सत्तावन्न वर्षे आधी मराठीत या विषयावर छापील उत्तर दिले गेले होते आणि त्यासाठी न्यायालयात उभे राहण्याची तयारीही होती. नंतर तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आले, बिंदुमाधव खिरे यांची पुस्तके आली. वाट आहे, तिच्यावरून चालायचे आहे.

चालताना अडतो तो शब्दांशी, असे पुष्कळांना वाटते. 'लिंग' हा शब्द व्याकरणात आहे, शरीराच्या अवयवाला आहे, नर-मादी भेदालाही आहे. म्हणून 'लिंगभाव', 'लैंगिकता', 'लैंगिक कल' असे वेगळे शब्द करावे लागले. यांतला 'कल' मला फार नेमका वाटतो. तराजूचा कल असतो, जमिनीचा असतो, मतमोजणीचा असतो. कल कोणीकडे आहे हे दिसते. तो का आहे, हे त्या शब्दात आधीच ठरलेले नसते. 'आवड' म्हटले, की निवड आल्यासारखे वाटते. 'विकृती' म्हटले, की निकाल लागलाच. कारण अजून शोधले जात असताना त्याचे उत्तर शब्दात दडवू नये.

पण माझ्या मते शब्दांपेक्षा मोठी अडचण क्रियापदाची आहे. 'पाणी शंभर अंशांना उकळते', 'कावळा काळा असतो', हे आपले नित्य सत्याचे रूप. 'समलिंगी पुरुषांचा मेंदू वेगळा असतो' असे लिहिले, की ४१ मेंदूंवरची सरासरी एका 'असतो'ने जगातल्या सर्व माणसांवर लादली जाते. तेच 'एकोणीस जणांत तो पुंजका सरासरीने लहान आढळला' असे लिहिले, की वाक्य खऱ्याच्या मापाचे होते. मराठीत यासाठी काय नाही? 'आढळले' आहे, 'दिसते' आहे, 'असावे' आहे, 'असू शकेल' आहे. 'असावे' म्हणजे पुराव्यावरून केलेला तर्क. 'असू शकेल' म्हणजे नुसती शक्यता. ही छटा दोन अक्षरांत दाखवणारी भाषा आपल्याकडे असताना आपण 'सिद्ध झाले' हा एकच शिक्का घेऊन बसतो. दुसरा धोक्याचा प्रत्यय 'मुळे'. 'मेंदूतील फरकामुळे समलैंगिकता' या तीन शब्दांत लेव्हे यांनी न केलेला सगळा दावा आहे.

शाळेत आम्हांला शिकवले गेले, मीही मुलांना शिकवले, की उत्तर मोघम लिहू नका. ते योग्यच आहे. पण मोघमपणा वेगळा आणि मोजलेली अनिश्चितता वेगळी. 'याला काहीतरी कारण असते' हे मोघम. 'जनुकांचा काही वाटा दिसतो, पण एकच जनुक सापडलेले नाही' हे अनिश्चित आहे आणि नेमकेही आहे. हा फरक शिकवणे भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे, एकट्या विज्ञानाच्या नव्हे.

हे सगळे वर्गात का महत्त्वाचे, ते सांगतो. मी प्राणिशास्त्र शिकवले. संप्रेरकांचा धडा झाला, की कोणीतरी विचारतेच, 'सर, हे जन्मतःच असतं का?' चाळीस जणांच्या वर्गात हा प्रश्न निव्वळ कुतूहलाने विचारणारी मुले असतात, आणि एखादे मूल असे असते जे प्रश्न विचारत नाही, पण उत्तर श्वास रोखून ऐकते. त्या मुलाच्या घरचे उद्या त्याला कोणा बुवाकडे किंवा 'बरे करतो' म्हणणाऱ्या एखाद्या डॉक्टरकडे नेणार असतील. 'जन्मतःच असते, सिद्ध झाले आहे' असे उत्तर दिले, तर ते पुराव्यापेक्षा मोठे होते आणि उद्याच्या एखाद्या दुरुस्तीने कोसळते. 'माहीत नाही' एवढेच म्हटले, तर मूल एकटे पडते. खरे उत्तर असे : कोणत्या कारणाने कोणाचा कल कसा होतो, हे पूर्ण कळलेले नाही, जैविक घटकांचा वाटा दिसतो, तो ठरवून निवडता येतो किंवा उपचाराने बदलता येतो, याला विश्वासार्ह पुरावा नाही, आणि हा आजार नाही. शेवटची दोन वाक्ये ठाम आहेत, कारण तेथे पुरावा ठाम आहे. असा 'बरे करण्याचा' उपचार करणे हे गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही २०२२ मध्ये जाहीर केले आहे.

आणखी एक गोष्ट त्या मुलाला सांगायला हवी. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, ते समता, स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा या घटनेतल्या हक्कांच्या पायावर. कोणाच्या मेंदूतला पुंजका किती घन मिलिमीटरचा, यावर नागरिकाचा हक्क टांगलेला नाही. उद्या बाइन यांच्याही मोजणीत कोणी दुरुस्ती केली, तरी तो हक्क तसाच राहील. हे एकदा पक्के झाले, की विज्ञानावरचे एक ओझे उतरते. त्याला कोणाची वकिली करावी लागत नाही. ते मोकळेपणाने चुकू शकते आणि दुरुस्त होऊ शकते.

माझ्या माहितीत लेव्हे यांची ही पुस्तके मराठीत आलेली नाहीत. येथे बसलेल्यांपैकी कोणी ती करावीत, असे मला मनापासून वाटते. सुरुवात 'व्हेन सायन्स गोज राँग'पासून करावी. कथा सुट्या आहेत, एकेक करून नियतकालिकात देता येतील. 'क्विअर सायन्स' करणाऱ्याने कर्व्यांचे जुने अंक जवळ ठेवावेत, अर्धी परिभाषा तेथे मिळेल. आणि अनुवाद झाल्यावर एक कसोटी लावावी : प्रत्येक पानावरचे 'असते' आणि 'मुळे' खुणा करून काढावेत आणि मूळ लेखकाने तेवढी खात्री दिली आहे का, ते ताडून बघावे. जेथे दिली नसेल, तेथे संशोधन करावे. हिंदीतले.